बारा दहा ते बारा वीस : इतर

२४ जानेवारी, मंगळवार
संध्याकाळी सव्वासात

तीर्थरूप आत्यास,
वाकून नमस्कार. (वाकताना पाठीत उसण भरली, पण नमस्कार पूर्ण केला आहे.)

फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुझे शिलाई मशीन माझ्यापेक्षा मोठ्याने बोलते आणि तू प्रत्येक प्रश्नाला ‘हो हो, ये’ एवढेच उत्तर देतेस. या वेळी मला ‘हो हो, ये’ पुरणार नाही.

तुझ्या घरासमोर समुद्रात जी टेकडी आहे, ती चढून एका दिवसात परत येता येते का? लहानपणी बाबांबरोबर आलो होतो तेव्हा मी ती फक्त तुझ्या खिडकीतून पाहिली, कारण वरचा वारा माणसाला उचलून नेतो असे मला सांगण्यात आले होते. (ते तूच सांगितले होतेस.) आता मी सत्तावीस वर्षांचा आहे आणि आमच्या दुकानातल्या तपासलेल्या काट्यावर माझे वजन एकसष्ट किलो चारशे ग्रॅम भरते. तेवढ्याला वारा उचलतो का, हेही कळव.

बाकीचे प्रश्न असे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत चालणाऱ्या माणसाला किती वेळ लागतो? वर सावली आणि पिण्याचे पाणी आहे का? साप असल्यास ते कोणत्या बाजूला असतात? वाटेवर काटेरी झुडपे असतील तर ती किती उंच आहेत, म्हणजे कपड्याच्या घेरात अडकतील का? माथ्यावर दोघांना बसता येईल असा सपाट दगड आहे का?

माझ्याबरोबर ओळखीचे एक माणूस असेल. रविवार, १२ फेब्रुवारी हा दिवस मी तूर्त धरून ठेवला आहे.

दुकानाचे ठीक चालले आहे. दुरुस्तीला आलेले सोनारांचे नाजूक काटे मालक आता फक्त माझ्याच हाती देतात. ते म्हणतात, तू श्वाससुद्धा मोजून घेतोस.

तुझा भाचा

~

३० जानेवारी

शंभरदा,

दाराची कडी शंभरदा तपासल्याशिवाय न झोपणाऱ्या पोराला मी हे नाव ठेवलं होतं. ते अजून तुझ्यावरून उसवलेलं दिसत नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि एकदा शेजारच्या होडीवाल्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, हा टेकडी चढणार आहे की विकत घेणार आहे?

आता उत्तरं घे. मी एकटी गेले तर दीड तास, माझा गुडघा बरोबर आला तर चार. वर एक जुनी दगडी चौकी आहे, छप्पर शाबूत आहे, मागे झरा आहे. त्याचं पाणी मी चाळीस वर्षं प्यायले आणि अजून तुला पत्रं लिहिते आहे. साप आहेत, पण ते तुझ्यासारखे जागा ठरवून बसत नाहीत, त्यामुळे बाजू सांगता येत नाही. सपाट दगड आहे. दोघांना पुरतो, भांडण झालं तर पुरत नाही. एकसष्ट किलोला वारा उचलत नाही. वरच्या चारशे ग्रॅमची हमी मी देत नाही.

एकच गोष्ट लक्षात ठेव. टेकडीकडे जायला वाळूची वाट आहे. पाणी उतरलं की उघडी पडते, चढलं की बुडते. तेवढं सांभाळ, बाकी टेकडी गरीब आहे.

झुडपं गुडघ्याएवढी आहेत. पण तुझ्या पँटीला घेर कधीपासून आला? तुझं ते ओळखीचं माणूस चहा घेतं, घेतो की घेते, एवढं कळव. म्हणजे मला कप कोणते काढायचे ते समजेल.

आत्या

ता.क. तीन शिडं एकदम शिवायला आली आहेत. घरात पाय ठेवायला जागा नाही, पण तू बारीक आहेस.

~

४ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी सहा चाळीस

तीर्थरूप आत्यास,
नमस्कार.

घेते. बिनसाखरेचा.

तुझ्यापासून लपवण्याचा हेतू नव्हता. फक्त लिहायचे कसे ते ठरत नव्हते. आमच्या दुकानासमोर काचेचे दुकान आहे. तिथल्या मालकांची मुलगी ती. सगळा रस्ता तिला काचवाली म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. खिडक्यांच्या, कपाटांच्या, फोटोंच्या सगळ्या काचा तीच कापते. पट्टी ठेवते, हिऱ्याच्या लेखणीने एक रेघ ओढते आणि काच टेबलाच्या कडेला टेकवून दाबते. टक्, दोन तुकडे. मी एकदा विचारले, रेघ नीट उमटली नाही तर? ती म्हणाली, ‘रेघ एकदाच ओढायची. दुसऱ्यांदा गिरवली की काच वेडीवाकडी जाते.’ आत्या, मी एक काटा बंद करण्याआधी सात वेळा तपासतो. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

तिचा थोरला भाऊ दूरच्या शहरात काचेचा कारखाना चालवतो. कापणीचा सगळा विभाग सांभाळायला त्याने तिला बोलावले आहे. या महिन्याच्या अखेरीपर्यंत तिने उत्तर द्यायचे आहे. ती गेली तर गेलीच. तिथून कोणी परत येत नाही, भाऊही आला नाही.

मला तिला काही सांगायचे आहे. आमच्या दोन दुकानांमध्ये अकरा पावलांचा रस्ता आहे आणि त्यावर सतत कोणी ना कोणी असते. म्हणून टेकडी. टेकडी पाहायला येशील का, असे मी तिला विचारले, आणि ती लगेच ‘हो’ म्हणाली. तिने का यावे याची तीन कारणे मी कागदावर तयार केली होती. ती खिशातच राहिली.

वाळूची वाट नेमकी किती वाजता उघडते आणि किती वाजता बुडते? कृपया घड्याळाप्रमाणे कळव. ‘पाणी उतरले की’ ही वेळ मला आराखड्यात लिहिता येत नाही.

तुझा भाचा

~

७ फेब्रुवारी

शंभरदा,

कळलं. आता मला सगळंच कळलं, त्या तीन कारणांसकट.

होडीवाल्याला विचारून सांगते. १२ तारखेला वाट सकाळी नऊला उघडेल आणि दुपारी दोनला बुडेल. घड्याळाप्रमाणे. होडीवाला म्हणाला, समुद्राला वेळ विचारणारा हा पहिलाच.

चांगले कप काढून धुतले आहेत. ती आली की मी तुझ्या लहानपणाचं काही सांगणार नाही, कडीचं सोडून.

आत्या

~

९ फेब्रुवारी, गुरुवार
दुपारी दीड

तीर्थरूप आत्यास,
नमस्कार. हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे, म्हणजे तुला उद्याच मिळेल.

१२ तारखेचे रद्द झाले. परवाच्या वाऱ्यात शाळेच्या सव्वीस काचा फुटल्या आणि त्या सगळ्या काचवालीला रविवारपर्यंत बसवून द्यायच्या आहेत. तिने रस्त्यापलीकडून दोन्ही हातांनी सव्वीस दाखवले, ते समजायला मला थोडा वेळ लागला.

नवी तारीख गुरुवार, २३ फेब्रुवारी. आमच्या दुकानातली प्रमाण वजने वर्षातून एकदा सरकारी तपासणीला जातात. ज्या वजनांवरून आम्ही सगळ्या गावाचे काटे जोखतो, तीच जागेवर नसतात, म्हणून त्या दिवशी काम बंद असते. महिना संपायला तेव्हा पाच दिवस उरतील. मी मोजले आहेत.

तारीख सोडून बाकी आराखडा तोच ठेवला आहे. एक प्रत तिला दिली, एक तुला पाठवतो.

६.०५ बस.
९.१० आत्याकडे चहा.
९.३० वाळूची वाट, जाताना.
११.३० माथा. जेवण (ब्रेड, उकडलेली अंडी चार, काकड्या दोन).
१२.१० ते १२.२० इतर.
१२.२० उतरण्यास प्रारंभ.
१.३० वाळूची वाट, परत (पाणी २ वाजता, अर्धा तास राखीव).
४.१५ बस.

एकूण सामान तीन किलो दोनशे. काही घडल्यास कळवण्याचा पत्ता म्हणून तुझा दिला आहे. काही घडू नये.

तुझा भाचा

~

१४ फेब्रुवारी

आत्याबाईंना नमस्कार,

मी काचवाली. तुमच्या भाच्यानं दिलेल्या आराखड्यावर ‘काही घडल्यास’ खाली तुमचा पत्ता आहे. अजून काही घडलेलं नाही, पण पत्ता चांगला वाटला म्हणून लिहिते.

माझं एक विचारायचं आहे. आधी १२ तारीख होती, आता २३ झाली. बसची वेळ तीच राहील, अंडी चारच राहतील, ते समजतं. पण पाण्याची वेळ तीच कशी राहील? मी समुद्र दोनदाच पाहिला आहे, तरी तो इतका नियमित वाटला नाही.

हे मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं तो दिवसच रद्द केला असता, आणि पुढचा दिवस ठरेपर्यंत माझ्या भावाची मुदत संपली असती.

आणखी एक. आराखड्यात जेवायला चाळीस मिनिटं आहेत आणि ‘इतर’ला दहा. तीन वर्षं हा माणूस रस्त्यापलीकडून माझ्या दुकानाकडे बघतो आणि मी बघितलं की काट्याकडे बघतो. ‘इतर’ म्हणजे काय ते मला कळलेलं आहे. ते त्याचं दहा मिनिटांत होणार नाही. नऊ मिनिटं तो घसाच साफ करील.

पाण्याचं खरं काय ते मला कळवाल का?

तुमची
काचवाली

~

१७ फेब्रुवारी

पोरी,

तुझं पत्र वाचताना मी मशीन बंद केलं. हे मी फार कमी वेळा करते.

तुझं बरोबर आहे. पाणी दिवसातून दोनदा उतरतं, आणि रोज पाऊण-एक तास उशिरा. इथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं, म्हणून शंभरदाला सांगावं असं मला सुचलंच नाही. त्याला वाटलं समुद्र म्हणजे बस. २३ला वाट पहाटेच उघडेल आणि सकाळी पावणेअकराला बुडेल. तुम्ही साडेनऊला खुशाल पलीकडे जाल. पण परत यायला वाट उघडेल ती संध्याकाळी सहाच्या पुढे.

वर धोका काही नाही. चौकीला छप्पर आहे, झरा आहे, आणि होडीवाला मी हाक मारली तर येतो. दुपारभर तुम्ही दोघं आणि तो दगड.

त्याला सांगायचं की नाही ते तू ठरव. तू सांग म्हणालीस तर आजच लिहिते. काही कळवलं नाहीस तर मी माझी शिडं शिवत बसते. फक्त घरी सांगून ये की रात्री माझ्याकडे राहशील. शेवटची बस तुम्हाला मिळणार नाही.

आत्या

~

२१ फेब्रुवारी, मंगळवार
रात्री आठ

तीर्थरूप आत्यास,
नमस्कार.

आराखड्याबद्दल तू काहीच कळवले नाहीस, म्हणजे सगळे ठीक आहे असे मी धरतो. हे पत्र उद्या सकाळच्या ड्रायव्हरकडे देतो.

तयारी पूर्ण झाली आहे. पिशवी आज काट्यावर ठेवली, साडेसात किलो भरली. बोलायचे ते मी लिहून पाहिले. अकरा वेळा लिहिले आणि अकरा वेळा खोडले. आता पाठ आहे ते फक्त ‘तुला सांगायचे होते की’ एवढेच. पुढचे वर गेल्यावर पाहू.

परवा भेटू.

तुझा भाचा

~

२५ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी सात

तीर्थरूप आत्यास,
नमस्कार, आणि तुझ्या शिडांच्या ढिगावर झोपू दिल्याबद्दल आभार. पाठ बरी आहे. सकाळी निघताना तुला काही सांगता आले नाही, कारण ती समोर होती आणि तू सारखी हसत होतीस. म्हणून सगळे क्रमाने लिहितो.

बस पंचवीस मिनिटे उशिरा आली, हे तुला माहीत आहे. तुझ्याकडे ती दुसरा कप घेऊन बसली, हेही. आम्ही वाळूच्या वाटेला लागलो तेव्हा दहाला दहा कमी होते. तिने चपला हातात घेतल्या. मी माझे बूट काढून पिशवीला बांधले आणि त्यातला एक मागून माझ्या कमरेवर सारखा आपटत राहिला. ती म्हणाली, तो तुला हाकतो आहे.

झुडपे तू सांगितलीस त्यापेक्षा चार बोटे उंच होती. तिच्या कपड्याचा घेर तीन ठिकाणी अडकला आणि तिन्ही वेळा तिने तो स्वतःच सोडवला. मी हात पुढे करीपर्यंत ती पुढे गेलेली असायची. माथ्यावर पोहोचलो तेव्हा बाराला पाच कमी होते. त्यामुळे बारा दहाला आम्ही जेवत होतो. ती अंडे सोलत होती आणि मी घड्याळाकडे पाहत होतो. बारा वीस झाले. ‘इतर’ची वेळ टळली. मला एकाच वेळी सुटल्यासारखे वाटले आणि स्वतःची लाजही वाटली.

पाऊण वाजता ती उभी राहून म्हणाली, ‘वाट दिसत नाहीये.’

मी पाहिले. जिथून आम्ही आलो होतो तिथे नुसते पाणी होते, अगदी शांत. होडीवाला त्याच्या होडीत पालथा पडून झोपलेला दिसत होता.

मग दुपार गेली. ती कशी गेली हे मला क्रमाने सांगता येत नाही आणि त्याचे मलाच आश्चर्य वाटते. झऱ्याचे पाणी प्यायलो. चौकीच्या खिडकीला काच नव्हती. तिने वितीने माप घेतले आणि म्हणाली, पुढच्या वेळी घेऊन येऊ. ऊन लागायला लागले तेव्हा तिने आपली आराखड्याची प्रत काढली, माझी मागून घेतली आणि दोन टोप्या केल्या. माझ्या टोपीवर समोरच ‘राखीव’ हा शब्द आला होता. ती म्हणाली, अगदी जागेवर आला आहे. मी तिला आमच्या प्रमाण वजनांबद्दल सांगितले. ती चिमट्याने उचलावी लागतात, कारण बोटाचा घामसुद्धा वजन वाढवतो. ती म्हणाली, तुलाही कोणीतरी लहानपणापासून चिमट्यानेच उचललेले दिसते.

चारच्या सुमाराला ऊन कलले. वारा होता, पण उचलणारा नव्हता. तिने टोपी काढली, उलगडली, त्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, ‘हे राहिलंय.’

‘इतर’वर बोट होते.

मी म्हणालो, ‘तुला सांगायचं होतं की.’ आणि पुढचे काही आठवेना. मग मी म्हणालो, ‘तू जाऊ नयेस. मला रोज सकाळी तुझं शटर वर जाताना ऐकायचं असतं. ते ऐकल्याशिवाय मी पहिला काटा उघडत नाही.’

आत्या, हे अकरापैकी एकाही कागदावर नव्हते.

तिने त्या कागदाची पुन्हा टोपी केली. मग म्हणाली, ‘भावाला पत्र मी मंगळवारीच टाकलं. येत नाही म्हणून कळवलं.’

मी म्हणालो, मग मला कशाला बोलायला लावलेस. ती म्हणाली, ‘ठरवायचं ते माझं मी ठरवलं. ऐकायचं ते तुझ्याकडूनच होतं.’

रेघ तिने आधीच ओढलेली होती.

सहा वाजून दहा मिनिटांनी वाट उघडली. तू काठावर बॅटरी घेऊन उभी होतीस, पुढचे तुला माहीत आहे. तिच्या वडिलांना मला स्वतः जाऊन विचारायचे आहे. तिने सांगितले आहे की जाताना कागद न्यायचा नाही.

तुझा भाचा

~

१ मार्च

शंभरदा,

पत्र तीनदा वाचलं. होडीवाल्याला वाचून दाखवलं नाही. त्याला एवढंच सांगितलं की शिडात वारा भरला. तो म्हणाला, मग झोपेचं सोंग घेऊन माझी मान आखडली ती वाया गेली नाही.

आता माझी कबुली ऐक. पाण्याची वेळ बदलते हे मला माहीत होतं, आणि तुझ्या काचवालीलाही माहीत होतं. आम्ही दोघींनी ते तुझ्यापासून लपवलं. रागव हवं तर. तुला रागवायला किती मिनिटं लागतात तेही लिहून कळव.

पण माझ्या डोक्यात एक टाका सुटा राहिला आहे. तुम्ही वाळूवरून येत होतात तेव्हा तुझ्या अंगात स्वेटर होता आणि तिच्या अंगावर जाड शाल होती, ती तुझ्या आईची. आराखड्यात दुपारी दीडला परत यायचं होतं. दुपारी दीडला परत येणारा माणूस शाल आणि स्वेटर कशाला नेतो? तीन किलो दोनशेची पिशवी साडेसातची कशी होते? आणि तुझ्या एवढ्या लांब पत्रात पाणी चढल्याचं लिहिलं आहेस, पण तू घाबरलास असं कुठेही लिहिलेलं नाही. तू तर दूध उतू गेलं तरी घाबरतोस.

मी चाळीस वर्षं शिडं शिवते. आतून मारलेला टाका मला बाहेरून दिसतो. खरं सांग.

आत्या

~

५ मार्च, रविवार
सकाळी

तीर्थरूप आत्यास,
नमस्कार.

खरे सांगतो.

१८ तारखेला मासळी बाजारातला एक काटा दुरुस्तीला आला. मासळीवाला समोर बसला होता. त्याने खिशातून एक छापील तक्ता काढला आणि उद्याचे पाणी पाहू लागला. मी विचारले, हे रोज पाहावे लागते? त्याने माझ्याकडे असे पाहिले, जसा मी वजन करताना भांडे वजा न करणाऱ्याकडे पाहतो. मी त्याला आराखडा दाखवला. तो वाचून म्हणाला, ‘समुद्र तुमच्या दुकानात कामाला आहे का?’

मग मी तक्त्यात २३ तारीख पाहिली. वाट पावणेअकराला बुडणार आणि सहा दहाला उघडणार, असा हिशेब निघाला. दोनदा पाहिली. (खरे म्हणजे सात वेळा.)

आत्या, मी कुठलाही काटा एका साक्षीवर बंद करत नाही. वाळूच्या वाटेसाठी मात्र फक्त तुझा शब्द घेतला होता, तोही दुसऱ्या दिवसाचा. माझ्या हातून अशी चूक होत नाही. मी नवा आराखडा करायला कागद घेतला आणि ‘इतर’पाशी थांबलो. त्याला दहाच मिनिटे का दिली हे मला तेव्हा कळले. बारा वीसला पुढचे कलम होते, ‘उतरण्यास प्रारंभ’. माझे बोलणे फसले तर मला लगेच उठून चालू लागता आले असते. पळायची वाट मी आधीच आखून ठेवली होती आणि तिला वेळापत्रक म्हणत होतो. आणि इथे समुद्र ती वाट बंद करून ठेवत होता. मी कागद बाजूला ठेवला. चूक आहे हे माहीत असलेला आराखडा मी जन्मात पहिल्यांदा तसाच राहू दिला. फक्त पिशवीत शाल, स्वेटर, जास्तीचा ब्रेड, बॅटरी आणि औषधे भरली.

तिला सांगितले नाही, हे मात्र मला टोचत होते. म्हणून २२ला मी तिच्या वडिलांकडे गेलो आणि म्हणालो, कदाचित उशीर होईल, आत्याकडे राहावे लागेल. ते काच पुसत होते. न थांबता म्हणाले, ‘तिनं ते परवाच सांगितलंय.’ मी ‘बरे’ म्हणून परत आलो. तिला ते आधीच कसे माहीत, हा प्रश्न मला तुझे पत्र येईपर्यंत पडला नाही. एवढा मी तपासणारा.

तुझे पत्र मिळाले तसा मी ती अकरा पावले चाललो आणि तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, ‘मला बसस्टँडवरच कळलं. तुझी पिशवी मी उचलून वर ठेवली ना? मी दिवसभर काचा उचलते. ती तीन किलो दोनशेची नव्हती.’ मग मी विचारले, दुपारभर बोलली का नाहीस? ती म्हणाली, ‘तू इतका छान न घाबरता बसला होतास. मला ते बघायचं होतं.’

थोडक्यात, त्या दिवशी पाण्याची वेळ आपल्या तिघांनाही माहीत होती.

वडिलांना विचारले. कागद नेला नाही. ते म्हणाले, दुकान समोरच आहे, तेव्हा मुलगी लांब जाते असेही म्हणता येत नाही.

तुझा भाचा

~

९ मार्च

दोघांना,

हे एकच पत्र दोघांनी वाचायचं, अकरा पावलांच्या मधोमध उभं राहून.

शेवटी एकच माणूस काही लपवत नव्हता, तो म्हणजे तो मासळीवाला. लग्नाला त्याला बोलवा.

आता माझं ऐका. मी नऊ वर्षांत टेकडीवर गेलेले नाही. गुडघा तर आहेच, पण बरोबर येणारा प्रत्येक जण पुढे जाऊन वरून हाका मारतो, आणि मला हाका मारलेल्या आवडत नाहीत. तुम्ही मला न्या. शंभरदा, तू सावकाश चालतोस हा तुझा एकमेव गुण या कामाला उपयोगी आहे. चौकीच्या खिडकीला काच बसवायची आहे म्हणे, ती मी सांभाळून धरीन.

आराखडा पाठव. या वेळी पाणी नीट बघ.

आत्या

~

१४ मार्च

तीर्थरूप आत्यास,
आम्हां दोघांचा नमस्कार.

तक्ता मासळीवाल्याकडून घेतला आणि होडीवाल्याला निरोप पाठवून पडताळून घेतला. शनिवारी, २५ तारखेला वाट सकाळी उघडते, आपण वर पोहोचेपर्यंत बुडते आणि मग संध्याकाळपर्यंत आपल्याला कोणी परत आणू शकत नाही. म्हणून तोच दिवस धरला आहे. काच कापून तयार आहे. पत्राबरोबर आराखडा जोडला आहे, तो तिने वाचून मंजूर केला.

सकाळी : वाळूची वाट, तुझ्या गुडघ्याच्या वेगाने.
संध्याकाळी : वाळूची वाट, परत.
मधला सगळा वेळ : इतर.